कॅथेटर दुखतोय? गोळीआधी नळीवरून हात फिरवा

कॅथेटर म्हणजे मूत्राशयातली लघवी बाहेर काढणारी नळी. ती घातल्यावर पहिले दोन-तीन दिवस सारखं लघवीला लागल्यासारखं वाटतं, टोकाशी थोडी जळजळ होते, चालताना अवघडल्यासारखं होतं. एवढं चालायचंच. पण रात्रभर झोप नाही, कूस बदलायची भीती वाटते, शौचाला बसलं की डोळ्यांत पाणी येतं, हे मात्र ‘कॅथेटर म्हटल्यावर दुखणारच’ म्हणून सोसायचं नसतं. या दुखण्यांना कारण असतं आणि बऱ्याचदा ते शरीराच्या आत नसून बाहेरच्या हातभर नळीत सापडतं: कुठेतरी ओढ बसलेली असते, पीळ पडलेला असतो किंवा पिशवी चुकीच्या जागी टांगलेली असते. म्हणून गोळीची पट्टी फोडण्याआधी पिशवीपासून शरीरापर्यंत नळीवरून एकदा हात फिरवा. या लेखातलं बरंचसं त्या हात फिरवण्यापासूनच सुरू होतं.

आत काय असतं ते आधी कळलेलं बरं. आपल्याकडे सर्रास वापरतात तो फोली कॅथेटर. त्याच्या टोकाला दोन छिद्रं आणि त्यांच्या खाली एक फुगा असतो. नळी मूत्राशयात पोचली की त्या फुग्यात साधारण १० मिली निर्जंतुक पाणी भरतात. तो लहान लिंबाएवढा होतो आणि मूत्राशयाच्या तोंडाशी टेकतो, त्यामुळे नळी बाहेर सटकत नाही. पण जिथे तो टेकतो ती मूत्राशयाची सगळ्यात हळवी जागा. म्हणूनच मूत्राशय रिकामं असतानाही लघवी तुंबल्यासारखी वाटते आणि रुग्ण जोर करायला लागतो. जोर केला की फुगा आणखी रुततो. ‘लघवी आपोआप नळीतून जातेय, तुम्ही जोर करू नका’ हे वाक्य पहिल्या दिवशी रुग्णाला चार वेळा सांगावं लागतं, आणि ते सांगायलाच हवं.

शरीराबाहेर नळीला दोन फाटे दिसतात. एक युरोबॅगला (लघवी साठवायच्या पिशवीला) जोडलेला, दुसऱ्याच्या तोंडाशी रंगीत झडप. रंगावरून जाडी कळते: पांढरा १२, हिरवा १४, नारिंगी १६, लाल १८. तीन आकड्यांचा एक मिलिमीटर धरायचा, म्हणजे १६ नंबरची नळी सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास जाड. फाट्यावरच नंबर आणि फुग्यात किती पाणी मावतं ते छापलेलं असतं. बायकांना बहुधा १२ किंवा १४ पुरतो, पुरुषांना १४ किंवा १६. ऑपरेशननंतर रक्ताच्या गाठी निघून जाव्यात म्हणून जाड नळी घालतात, ती गोष्ट वेगळी. पण गाठींचं कारण नसताना १८ किंवा २० नंबर घातलेला असेल, तर पुढच्या वेळी बारीक चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. तो प्रश्न विचारण्यात आगाऊपणा काही नाही.

ओढ

कॅथेटरच्या दुखण्याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे नळीला बसणारी ओढ. दोन लिटरची युरोबॅग भरली की ती दोन किलोची होते. नळी मांडीला बांधलेली नसेल तर ते वजन थेट आतल्या फुग्यावर येतं. रुग्ण उठतो, नळी पलंगाच्या कडेला अडकते आणि झटका बसतो. पुरुषांमध्ये अशी ओढ आठवडेच्या आठवडे चालू राहिली तर शिश्नाच्या टोकाची खालची बाजू नळीने कापत जाते. ती फट आपोआप भरून येत नाही. बायकांमध्ये मूत्रमार्ग सैल होतो आणि नळीच्या बाजूने गळती सुरू होते. त्यामुळे नळी मांडीला बांधणं ऐच्छिक मानू नका. घरी आलेल्या प्रत्येक रुग्णाची नळी बांधलेली असलीच पाहिजे.

बांधायची कशी? फार्मसीत कॅथेटरचा वेल्क्रो पट्टा मिळत असेल तर उत्तम. तो मांडीभोवती असा लावा की खाली दोन बोटं सहज शिरली पाहिजेत. पट्टा मिळाला नाही तर चिकटपट्टी चालते, पण आपल्या हवेत कागदी मायक्रोपोर टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये घामाने आणि पावसाळ्यात दमटपणाने सकाळी लावलेली पट्टी दुपारपर्यंत सुटते. कापडी पट्टी टिकते, पण म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते, ओढून काढली की सालपटच निघतं. म्हणून दोन पट्ट्यांची पद्धत वापरा.

मांडीचा आतल्या अंगाचा वरचा भाग साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा. केस दाट असतील तर कात्रीने बारीक करा, वस्तरा फिरवू नका. साधारण दहा सेंटिमीटरची एक पट्टी नुसती कातडीवर लावा. दुसरी पट्टी नळीच्या जाड भागाला, फाट्यांच्या थोडी अलीकडे, वरून गुंडाळा. तिच्या दोन्ही बाजू नळीखाली एकमेकींना चिकटवून एक छोटी दांडी तयार करा आणि मग दोन्ही टोकं पहिल्या पट्टीवर बसवा. असं केलं की नळी कातडीपासून किंचित वर राहते, घासत नाही आणि बदलताना वरचीच पट्टी काढावी लागते. रंगीत झडपेवर पट्टी येऊ देऊ नका. खालची पट्टी काढताना कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ओली करून हळूहळू सोडवा. प्रत्येक वेळी मांडी बदला: आज उजवी, तर पुढच्या वेळी डावी.

आता कसोटी घ्या. रुग्णाला पाय सरळ करायला सांगा, मग गुडघ्यात दुमडायला, मग पलंगाच्या कडेला बसायला. तिन्ही वेळा शरीर आणि पट्टी यांच्यातली नळी सैल दिसली पाहिजे. पुरुषांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. पहाटे शिश्नाला ताठरता येते ती कॅथेटर असतानाही येते. नळी घट्ट बांधलेली असेल तर त्या वेळी जबर कळ मारते आणि रुग्ण लाजेने सांगत नाही. दोन-तीन बोटं जास्तीची ढील ठेवली की हा त्रास पुष्कळ कमी होतो. अंथरुणाला खिळलेल्या पुरुषांमध्ये शिश्न वर वळवून नळी ओटीपोटावर चिकटवली तर वळणाच्या जागी दाब पडत नाही.

पिशवी कुठे टांगायची

पिशवी मूत्राशयापेक्षा खाली असली पाहिजे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण फार खाली टांगल्यानेही दुखतं, हे फारसं कोणी सांगत नाही. उंच पलंगावरून पिशवी थेट जमिनीलगत लोंबत असेल तर नळीत ओढून घेणारा दाब तयार होतो आणि मूत्राशयाचं अस्तर नळीच्या छिद्रांत खेचलं जातं. खोल टोचल्यासारखं दुखतं, थेंबभर रक्त येतं, लघवीही अडते. मूत्राशयापासून साधारण फूटभर खाली, एवढं अंतर पुरेसं आहे.

दुसरी चूक म्हणजे नळीचा झोका. पलंगावरून नळी खाली लोंबते आणि पुन्हा वर चढून पिशवीत जाते. त्या झोक्यात लघवी साचून राहते आणि पुढच्या लघवीला अडवते. जास्तीची नळी गादीवर सपाट वेटोळं करून ठेवा, चादरीला कपड्याच्या चिमट्याने हलकेच धरून ठेवा (नळी चिमटू नका, चादर चिमटा) आणि तिथून पिशवीत सरळ उतरू द्या.

लाकडी खाटेला पिशवी अडकवायला जागा नसते, मग ती जमिनीवर ठेवली जाते. ते करू नका. खालच्या तोटीला घाण लागते आणि जंतू तिथून वर चढतात. या कामासाठी वेगळी ठेवलेली स्वच्छ बादली घ्या, तिच्या काठाला आतल्या बाजूने पिशवी टांगा. पिशवी अर्धी किंवा फार तर दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा. हात धुवा, वेगळ्या भांड्यात तोटी उघडा, तोटी भांड्याला टेकू देऊ नका, बंद करून पुसा, पुन्हा हात धुवा. पिशवी आणि कॅथेटर यांचा जोड मात्र उगाच उघडायचा नाही. अंघोळीच्या वेळीसुद्धा नाही. पिशवी रिकामी करून जोडलेलीच न्हाणीत न्यायची.

कळ आणि बाजूने गळणारी लघवी

ओढ नाही, पीळ नाही, तरीही मधूनच ओटीपोटात पिळवटून येतं. कळ शिश्नाच्या टोकापर्यंत किंवा गुदद्वारापर्यंत जाते, त्याच क्षणी नळीच्या बाजूने लघवी येऊन कपडे भिजतात आणि अर्ध्या-एक मिनिटात सगळं शांत होतं. हा मूत्राशयाचा आकडी आल्यासारखा आवळा आहे. फुग्याला बाहेरची वस्तू समजून मूत्राशय त्याला ढकलून द्यायला बघतं.

इथे घरचे लोक हमखास मागणी करतात, ‘नळीच्या बाजूने गळतंय, जरा जाड नळी घाला.’ हे उलटं आहे. नळी बारीक आहे म्हणून गळत नसतं, आवळ्याच्या जोराने लघवी बाजूने निसटत असते. जाड नळी आणि मोठा फुगा मूत्राशयाला आणखी चिडवतात, गळती वाढते, मग त्याहून जाड नळी घातली जाते. या मार्गाने मूत्रमार्गाचं कायमचं नुकसान होतं. गळती दिसली की आधी नळी तुंबलेली नाही ना हे बघा, मग पोट साफ होतंय का ते बघा आणि तिसऱ्या क्रमांकाला औषधाचा विचार करा.

आवळा आला की रुग्णाला गुडघे दुमडून कुशीवर झोपवा, तोंडाने सावकाश श्वास सोडायला सांगा, जोर करू देऊ नका. गरम पाण्याची पिशवी पंच्यात गुंडाळून ओटीपोटावर १५-२० मिनिटं ठेवल्यास बरं वाटतं. मात्र मधुमेहामुळे किंवा पक्षाघातामुळे जिथे संवेदना कमी आहे तिथे ती ठेवू नका. भाजलेलं कळतच नाही.

औषधांत दोन दुखणी वेगळी ओळखा. टोकाशी होणारी हुळहुळ आणि ठणका पॅरासिटामॉलने कमी होतो. आवळ्यावर ते जवळजवळ काहीच करत नाही. त्यासाठी ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉन यांपैकी एखादं औषध डॉक्टर देतात. पहिल्या तिघांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, आणि म्हाताऱ्या माणसांमध्ये भ्रमासारखं बोलणं सुरू होऊ शकतं. काचबिंदू असेल तर आधी सांगा. मिराबेग्रॉनवर असताना रक्तदाब तपासत राहावा लागतो. कॅथेटर काढून बघायची तारीख जवळ आली की ही औषधं कधी बंद करायची तेही विचारून घ्या. मूत्राशयाला आकुंचन पावू न देणारी गोळी चालू ठेवून लघवी होते का ते बघण्यात अर्थ नाही. आणि डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या फार्मसीतून आपल्या आपण आणू नका. लघवी तुंबून कॅथेटर घातलेल्या कित्येकांच्या मूत्रपिंडावर आधीच ताण आलेला असतो.

पाठीच्या कण्याला वरच्या भागात, छातीच्या मध्यापासून वर, इजा झालेल्या रुग्णाचा कॅथेटर तुंबला तर त्याला दुखत नाही. त्याऐवजी अचानक डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, दरदरून घाम सुटतो, रक्तदाब भलताच चढतो. त्याला ताबडतोब उठवून बसवा, कपडे सैल करा, नळीचा पीळ काढा, आणि तरीही लघवी वाहिली नाही तर १०८ बोलवा. इथे वाट बघायची नसते.

पोट आणि पाणी

मलाशयात घट्ट मळ साठला की तो समोरच्या मूत्राशयावर आणि मूत्रमार्गावर दाब देतो. नळी दबते, आवळे वाढतात, बाजूने गळतं. शौचाला जोर केला की फुगा मूत्राशयाच्या तोंडावर आदळतो आणि प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर तर लघवी पुन्हा लाल होते. लोहाच्या आणि ट्रामाडॉलच्या गोळ्यांनीही बद्धकोष्ठ वाढतो. पपई, भाज्या, नाचण्याचं तिजान (नाचणीची पेज) आहारात असू द्या. इसबगोल घ्यायचा तर दोन चहाचे चमचे पूर्ण पेलाभर पाण्यातून, नाहीतर तो आतच अडकून बसतो. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून रात्री लॅक्टुलोज घ्या. तीन दिवस पोट साफ झालेलं नाही आणि कॅथेटर गळतोय, अशी तक्रार आली तर आधी पोटाचा बंदोबस्त करायचा.

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात गेलं पाहिजे. आपल्याकडे हे सोपं आहे: सकाळी दहाच्या पेजेचं पाणी, ताक, आमसुलाचं सरबत, लिंबूपाणी, शहाळं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर शहाळं विचारून घ्या, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. पावसाळ्यात तहान लागत नाही म्हणून पाणी कमी जातं, आणि चतुर्थीच्या गडबडीत किंवा उपासाच्या दिवशी घरच्यांच्याही लक्षात येत नाही. नळीत उतरणारी लघवी फिकट पिवळी असावी. चहासारखी दिसू लागली की पेला हातात द्या. चहा-कॉफी दोन कपांवर आणा. फेणी आणि उर्राक (काजूची दारू) कॅथेटर असेपर्यंत बाजूला राहू द्या.

पाण्याचा खरा उपयोग नळीत खडे साठू न देण्यात आहे. काही जंतू, त्यांतही प्रोटियस, लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतात. लघवी अल्कधर्मी होते आणि फॉस्फेटचे खडे नळीच्या छिद्रांभोवती जमतात. हात लावला तर वाळूसारखे लागतात. कोणाकोणाची नळी यामुळे दर दोन-तीन आठवड्यांनी तुंबते. जळजळ होते म्हणून लघवीची आम्लता कमी करणारं सिरप महिनोन्महिने घेणाऱ्यांनी, विशेषतः नळी वारंवार तुंबत असेल तर, ते चालू ठेवायचं का हे मूत्रविकारतज्ज्ञाला विचारावं. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा बाटली आणणं बरं नव्हे.

खोबरेल लावू नका

टोकाशी कोरडं पडलं, खाज आली, की आपल्या घरात हात आधी खोबरेलाच्या बाटलीकडे जातो. नळी लॅटेक्सची असेल तर तेलाने रबर सैल पडतं, फुगा फुटू शकतो आणि नळी अवचित बाहेर येते. व्हॅसलीननेही तेच होतं. ओलावा हवा असेल तर पाण्यात विरघळणारी जेली लावा. लिग्नोकेन २ टक्के ही बधिर करणारी जेली डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल तर तोंडाशी मटारएवढी लावल्याने हुळहुळ कमी होते.

स्वच्छतेला साधा साबण आणि पाणी पुरतं, दिवसातून दोनदा आणि प्रत्येक शौचानंतर. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट यांतलं काही नको. त्यांनी संसर्ग कमी होत नाही, उलट नाजूक कातडी भाजते आणि मग ‘कॅथेटरने जळजळ होते’ असं वाटतं. टाल्कम पावडर घामात मिसळून गोळे करते, तीही नको. एका हाताने नळी शरीरापाशी धरा, म्हणजे पुसताना ओढ बसणार नाही. दुसऱ्या हाताने शरीराकडून बाहेरच्या दिशेने दहा सेंटिमीटरपर्यंत पुसा. बायकांनी पुढून मागे. वाळलेली खपली नखाने काढू नका, ओलं फडकं दोन मिनिटं धरून ठेवा, ती सुटते. पुरुषांची पुढची कातडी मागे सारून धुतली तर धुऊन झाल्यावर ती पुन्हा पुढे आणायलाच हवी. ती मागेच राहिली तर काही तासांत टोक सुजतं आणि इस्पितळ गाठावं लागतं. सांभाळणारा माणूस बदलतो तिथे हे हमखास राहून जातं, म्हणून भिंतीवर कागद लावून लिहून ठेवा.

लघवी थांबली तर

पिशवीत तासाभरात काही आलं नाही आणि ओटीपोट फुगल्यासारखं वाटतंय. क्रम असा ठेवा. नळीवर कोणी झोपलंय का, गुडघ्याखाली दबलीय का ते बघा. पिशवीपासून शरीरापर्यंत बोटांनी चाचपत या, पीळ सोडवा. पिशवीच्या नळीवरचा चिमटा चुकून बंद राहिलाय का ते पाहा. पिशवी मूत्राशयाखाली आहे ना? रुग्णाला कुशीवर वळवा, जमत असेल तर उभं करा, दोन पावलं चालवा. कधी छिद्र मूत्राशयाच्या भिंतीला चिकटलेलं असतं, ते सुटतं आणि लघवी धो धो येते. कित्येकदा एवढ्यानेच भागतं.

भागलं नाही तर पाणी पाजत बसू नका, तुंबलेल्या मूत्राशयात आणखी भर पडते. सिरिंजने जोराने पाणी मारू नका, शिकवलेलं नसेल तर अजिबातच नाही. दुखत असेल तर लगेच निघा. दुखत नसलं तरी चार तास एक थेंब आला नाही तर निघायचं. गोव्यात पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत राहणाऱ्यांनी एक काम आधीच करून ठेवावं: जवळच्या आरोग्य केंद्रात रात्री-अपरात्री कॅथेटर बदलून मिळतो का, ते दिवसाउजेडी विचारून ठेवा. नाही म्हणाले तर म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ की थेट बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), हेही तेव्हाच ठरवा. घरात त्याच नंबरचा एक कॅथेटर, नवी युरोबॅग, १० मिलीची सिरिंज, निर्जंतुक पाण्याची कुपी आणि जेली एका डब्यात ठेवा. शेजारी चिठ्ठी: नंबर, लॅटेक्स की सिलिकॉन, फुग्यात किती मिली, कधी घातला, कधी बदलायचा. पाकिटावरचा स्टिकरच वहीत चिकटवला तरी काम होतं.

नळी बदलायची मुदत तिच्या जातीवर ठरते. सिलिकॉनचा थर दिलेला लॅटेक्स साधारण चार आठवडे, अख्खा सिलिकॉनचा बारा आठवड्यांपर्यंत. सिलिकॉन महाग पडतो, पण ज्याला महिनोन्महिने कॅथेटर लागणार आहे त्याच्यासाठी तो पैसा वसूल आहे: भिंत पातळ असल्याने त्याच जाडीत आतली पोकळी मोठी मिळते, चिडचिड कमी होते आणि लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांना दुसरा पर्यायही नाही. त्याचा एक दोष असा की फुग्यातलं पाणी हळूहळू झिरपतं, आणि फुगा रिकामा केला की त्याला सुरकुती पडून काढताना खरवडतं. सिस्टरने पिस्टन न ओढता पाणी आपोआप सिरिंजमध्ये येऊ दिलं आणि मग अर्धा मिली परत सोडलं तर सुरकुती सपाट होते आणि त्रास बराच वाचतो.

बदलायच्या दिवशी तासभर आधी पॅरासिटामॉल घ्या. पुरुषांच्या मूत्रमार्गात १० मिली लिग्नोकेन जेली सोडून तीन ते पाच मिनिटं थांबायला हवं, तेव्हा ती काम करते. गर्दीच्या ओपीडीत ही मिनिटं गाळली जातात. ‘सिस्टर, जेली घालून थोडं थांबूया’ असं नम्रपणे म्हणा. आणि एक गोष्ट रुग्णाने पक्की लक्षात ठेवावी: फुगा भरताना जोरात दुखलं तर तिथल्या तिथे ओरडून सांगायचं. फुगा मूत्राशयात नसून मूत्रमार्गात फुगतोय, असा त्याचा अर्थ असू शकतो. दात-ओठ खाऊन गप्प बसायची ही वेळ नव्हे.

प्रवास, आणि नळी उपटणारे रुग्ण

निघण्याआधी पिशवी रिकामी करा. गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसू नका, लघवी उलटी फिरते. चालत्याफिरत्या माणसाने पोटरीला बांधायची लहान पिशवी वापरावी, लुंगीखाली किंवा सैल पँटमध्ये दिसतही नाही. स्कूटर आणि पायलटची (भाड्याची) मोटरसायकल शक्यतो टाळा: सीटवर नळी चेपते आणि प्रत्येक खड्ड्यात फुगा आदळतो. कदंबा बसमध्ये कडेची सीट घ्या, म्हणजे पाय लांब करता येतो.

विसरभोळेपणाच्या आजारात रुग्ण नळी ओढतो तो बहुधा ती दिसते, टोचते म्हणून. हात बांधून ठेवणं क्रूर आहे आणि त्याने तगमग वाढते. नळी पायजम्याच्या आतून खाली उतरवा, नजरेआड करा, हाताला जपमाळ, फडकं असं काही चाळा म्हणून द्या. तरीही रोज ओढत असेल तर आधी ती का दुखतेय ते शोधा. फुग्यासकट नळी उपटून आली आणि रक्त आलं तर लगेच इस्पितळात न्या. ओटीपोटातून घातलेली नळी निघाली तर तासाभराचाही उशीर करू नका, ते भोक फार लवकर मिटतं.

दुखणं संसर्गाचं आहे का?

महिनाभर कॅथेटर असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. गढूळपणा, वास, तपासणीत पू-पेशी, एवढ्यावरून प्रतिजैविकं सुरू करायची नसतात. त्याने फक्त हट्टी जंतू तयार होतात आणि खरी गरज पडते तेव्हा गोळी चालत नाही. दीर्घकाळ बद्धकोष्ठ असलेल्यांची पिशवी कधी जांभळी होते. बघून धसका बसतो, पण तो जंतूंनी तयार केलेला रंग आहे. पोट साफ करा, पिशवी बदला आणि डॉक्टरांना सांगून ठेवा.

१०० अंशांवर ताप, थंडी वाजून येणं, कुशीत किंवा अंडकोषात दुखणं, अचानक असंबद्ध बोलणं, रक्ताच्या गाठी: यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. तपासणीचा नमुना पिशवीतून देऊ नका, तिथे तासन् तास जंतू वाढलेले असतात. नळी जुनी असेल तर नवी घालून तिच्यातून घेतलेला नमुनाच खरा.

आणि काढायची कधी?

कॅथेटरच्या दुखण्यावर सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे गरज संपताच तो काढणं. प्रत्येक भेटीत विचारा, ‘हा अजून का हवा आहे?’ नुसती लघवी कपड्यात होते म्हणून घातला असेल आणि पुरुषाला तुंबण्याचा त्रास नसेल, तर बाहेरून लावायचा कंडोम कॅथेटर चालू शकतो. मूत्राशय स्वतः रिकामं होत नसेल पण हात नीट चालत असतील, तर दिवसातून चार-पाच वेळा स्वतः नळी घालून लघवी काढण्याची पद्धत शिकता येते. सुरुवातीला ऐकून अंगावर काटा येतो, पण चोवीस तास अडकलेल्या नळीपेक्षा ती सुसह्य असते आणि संसर्गही कमी होतो.

घरी नळी कापून काढायचा प्रयोग करू नका, फुगा आत तसाच राहिला तर मोठं काम होऊन बसतं. काढल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत लघवी करताना जळजळ आणि थोडी घाई होते, थेंबथेंब गळतं. दर वेळी किती झाली ते मापाच्या भांड्यात मोजून लिहा. पाणी नेहमीसारखंच प्या, लवकर व्हावी म्हणून दोन तांबे एकदम रिचवू नका. चार ते सहा तासांत लघवी झाली नाही, किंवा थोडी थोडी होतेय पण ओटीपोट ताठ लागतंय, तर संध्याकाळ व्हायची वाट न बघता जिथे काढला तिथेच परत जा.